एकच तिकीट द्या

मोठ्या माणसाने एकट्याने आकाशपाळण्यात बसू नये, असा कायदा आपल्याकडे नाही. तरीही थीम पार्कच्या खिडकीवर "एक तिकीट द्या" म्हटलं की आतला माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे पाहतो. मागे माझं कोणी नसतं. मग तो विचारतो, "फक्त एक?" हा प्रश्न मला आठ-नऊ वर्षं विचारला जातोय. विचारणारा वाईट नसतो. पण त्या दोन शब्दांमागे आपल्या शहराची आणि आपल्या समाजाची एक पक्की समजूत आहे: मजा ही कुटुंबाने मिळून करायची गोष्ट आहे, एकट्या मोठ्या माणसाचा तिच्यावर हक्क नाही. ही समजूत मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. जन्म परळचा, राहणं काळाचौकीला. एका पतपेढीत हिशेबाचं काम करते. यजमानांचा इंतकाल होऊन दहा वर्षं झाली, मुलगी नोकरीला पुण्यात असते. वर्षातून एकदा-दोनदा सुट्टी काढून मी एकटी पार्कमध्ये जाते, दिवसभर पाळण्यांत बसते आणि रात्री घरी येते. यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून मी लपवत नाही. मग शेजारच्या वहिनी विचारतात, "नातवंडं नव्हती का बरोबर?" आणि माझ्या फुफू विचारतात, "कोणाबरोबर गेली होतीस?" एक घर हिंदू, एक मुसलमान, पण दोन्हीकडे चिंता एकच. बाई स्वतःसाठी गेली, हे उत्तर दोघींनाही पुरेसं वाटत नाही.

आधी एकटीनेच का, ते सांगते. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून मी तिथे पाच वेळा गेले, पाचही वेळा घरच्यांबरोबर. परळहून दादर, दादरहून बोरिवली, मग बस, मग खाडीतली बोट. बरोबर खिम्याचे आणि पुऱ्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, पोरांचे बदलायचे कपडे. पाळण्यापाशी पोहोचलं की सामानाजवळ कोणीतरी बसायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातली बाई. पाच वेळांत मी एकंदर तीन पाळण्यांत बसले. बाकी वेळ मी चपलांच्या ढिगाजवळ बसून वर ओरडणाऱ्या पोरांना हात हलवत होते. २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याचं कळलं तेव्हा लोकांना तिथले पाळणे आठवले. मला तो सामानाजवळचा कट्टा आठवला.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एकटीच. काळाचौकीतून दादर, दादरहून खोपोली लोकल, ती चुकली तर कर्जतला गाडी बदलायची, पुढे रिक्षा. हातात एक छोटी पिशवी, ती आत गेल्या गेल्या लॉकरमध्ये ठेवली. तिथे नायट्रो नावाचा रोलर कोस्टर आहे. त्याला पायाखाली फळी नाही. पाय हवेत लोंबकळत राहतात आणि गाडी वाटेत पाच वेळा माणसाला उलटं करते. एका ओळीत चार जागा असतात. माझ्या पुढे नाशिकहून आलेली इंजिनियरिंगची पाच मुलं होती, त्यांतला एक उरला आणि माझ्या शेजारी बसला. "काकी, घाबरू नका," म्हणाला. गाडी चढावरून सुटल्यावर जो ओरडला तो तोच. खाली उतरल्यावर आम्ही दोघं हसलो, तो त्याच्या मित्रांत गेला, मी पुन्हा रांगेत उभी राहिले. कोणाला विचारावं लागलं नाही. कोणाला भूक लागली, कोणाला चक्कर आली, हे पाहावं लागलं नाही. सहा तास मी फक्त माझं पोट, माझे पाय आणि माझी भीती सांभाळली.

एकट्याने गेल्यावर सगळं छान असतं असं नाही. चष्मा काढून कोणाकडे द्यायचा हा प्रश्न येतो. जेवताना चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटीने बसायला पहिल्यांदा अवघड वाटतं. फोटो काढायला अनोळखी माणसाला सांगावं लागतं. पण हे सगळं दुसऱ्या वेळी सवयीचं होतं. सवयीचं होत नाही ते एकच, लोकांचं बघणं. ते कीव करणारं असतं. "बिचारी एकटीच आलीय" असं त्या नजरेत असतं, आणि मी तर रांगेत कधी माझा नंबर लागतोय याची वाट बघत असते.

थीम पार्क म्हणजे कुटुंबाची जागा, हे आपण इतकं गृहीत धरलंय की ते कधीतरी ठरवलं गेलं हेच विसरलोय. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे. ते आपल्या मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायचे आणि आपण बाकावर बसून राहायचे. तेव्हा त्यांच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं दोघांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. म्हणजे माझ्यासारखंच सामानाजवळ बसलेल्या एका बापाच्या कंटाळ्यातून हे सगळं निघालं. त्या कंटाळ्याबद्दल मला आपुलकीच आहे. पण त्याआधी पाळणे नव्हते असं नाही. कोपनहेगनची टिव्होली बाग १८४३ सालची. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८८४ साली पाच सेंटमध्ये बसता येईल असा रोलर कोस्टर सुरू झाला. कारखान्यांत, दुकानांत राबणारी तरुण मुलंमुली आठवड्याचा पगार खिशात घालून तिथे जायची. पाळणा आधी राबणाऱ्या मोठ्या माणसांचा होता, मुलांचा तो नंतर झाला.

हे वाचताना मला कोनी आयलंडपेक्षा आमचं लालबाग-परळ जास्त दिसतं. हा भाग वसवला तोच एकट्या माणसांनी. कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे यायचे, बायकामुलं गावाला. माझे अब्बा असेच खेडहून आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. सुरुवातीला ते डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहायचे. एकाच वळकटीवर पाळीपाळीने माणसं झोपायची, पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा आडवा. जेवण खानावळीत. अशा माणसांसाठी या भागात करमणूक होती, आणि ती माणशी होती. लालबागचं हनुमान थिएटर तमाशासाठी प्रसिद्ध होतं. परळला दामोदर नाट्यगृह होतं. भजनी मंडळं होती, व्यायामशाळा होत्या. सुट्टीच्या दिवशी राणीची बाग होती, गिरगावची चौपाटी होती. तिथे एकटा गेलेल्या गिरणी कामगाराला कोणी विचारत नव्हतं की फॅमिली कुठाय? त्याची फॅमिली कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्याला हसायचा, बघायचा, फिरायचा हक्क होता.

अब्बांची आवडती जागा माहीमची जत्रा. मखदूम फकीह अली माहीमी यांचा दर्गा माहीमला आहे, त्यांचं निधन १४३१ सालचं. डिसेंबरात तिथे दहा दिवस मेळा भरतो, मुंबई पोलीस वाजतगाजत चादर घेऊन येतात, आणि समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे लागतात. अब्बा दरवर्षी दर्ग्यात फातिहा पढून पाळण्यात बसायचे. ते म्हणायचे, गिरणीत दिवसभर मान खाली घालून धागा बघतो, वर्षातून एकदा मान वर करून समुद्र बघतो. ही चैन त्यांनी संपापर्यंत, म्हणजे १८ जानेवारी १९८२ पर्यंत चालवली. संपानंतर पैसे राहिले नाहीत आणि हौसही राहिली नाही.

पण मी हे जुने दिवस परत मागत नाही, कारण त्या करमणुकीत अम्मी कुठेच नव्हती. ती मुंबईला आली तेव्हाही माहीमच्या जत्रेला एकटी कधी गेली नाही. गेली ती चार बायका मिळून, पोरं कडेवर घेऊन, दिवेलागणीच्या आत परत येण्यासाठी. अब्बा माणूस म्हणून एकटे होते. अम्मी एकटी असणं हे मात्र संकट समजलं जायचं. तो काळ चांगला होता म्हणणाऱ्यांनी तो कोणासाठी चांगला होता तेही सांगावं.

बाईने एकटीने गर्दीत असायला आपल्याकडे एकच कारण चालतं, आणि ते म्हणजे श्रद्धा. मी लालबागच्या आसपास वाढले. गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा. गणेशगल्लीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंदिराचा नाहीतर महालाचा भव्य देखावा उभा करतात. एका अर्थाने ते दहा दिवस आमचं लालबाग हेच थीम पार्क असतं. दिव्यांचे झोत, लांबच लांब रांगा, वडापाव आणि रात्रभर उघडी दुकानं. त्या रांगेत एकटी बाई पहाटे तीनला उभी असते आणि तिला कोणी विचारत नाही की बरोबर कोण आहे. माहीमच्या दर्ग्यात, हाजी अलीलाही तसंच. हीच बाई तेवढाच वेळ, तेवढ्याच गर्दीत, निव्वळ मजेसाठी उभी राहिली की मात्र तिचं काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाईला शहरात वावरताना सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. हातात भाजीची पिशवी, शाळेतून आणायचं मूल, ऑफिसची वेळ. काही काम नसताना नुसतं रेंगाळणं हा हक्क तिला मिळाला तरच शहर तिचं झालं असं म्हणता येईल. मला हे वाचल्यावर पाळण्याचं महत्त्व कळलं. पाळणा माणसाला कुठेच नेत नाही. जिथे बसलो तिथेच उतरवतो. म्हणून तर बाईने त्यात एकटीने बसलेलं लोकांना खटकतं.

आमच्या समाजात या जोडीला आणखी दोन हरकती येतात. पहिली मेहरमची. यावर मी फुफूंना म्हटलं, २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरम नसताना हज कमिटीमार्फत हजला जाता येतं. मक्केला चालतं तर खोपोलीला का नाही? फुफू म्हणाल्या, "ती इबादत आहे." आणि विषय संपला. म्हणजे अडचण प्रवासाची नाहीच, सुरक्षिततेचीही नाही. अडचण आहे ती मजेची.

दुसरी हरकत म्हणजे हा सगळा लहव आहे, फालतू खेळ आणि पैशाची नासाडी. नासाडीबद्दल पुढे बोलते. पण खेळाबद्दल एक प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. हजरत आयेशा (रजि.) यांना ते पाहायचे होते. पैगंबर (स.) त्यांना आडोसा करून उभे राहिले आणि त्यांचं पाहून मन भरेपर्यंत उभेच राहिले. बुखारीतली ही हदीस आहे. कोणी म्हणेल, त्या एकट्या नव्हत्या. बरोबर आहे. मी यातून फतवा काढायला बसले नाही, तो माझा अधिकारही नाही. मला त्यातली एकच गोष्ट दिसते. बाईला खेळ बघायची हौस आहे हे तिथे कोणाला लाजिरवाणं वाटलं नाही, आणि किती वेळ बघायचं हे तिच्या मनावर सोडलं गेलं. आपल्या घरांत ईदच्या दिवशी बाई सकाळपासून शीरखुर्मा आणि बिर्याणीच्या पातेल्यांमागे असते. बासी ईदला सगळे राणीच्या बागेत, चौपाटीवर जातात तेव्हा ती डबे घेऊन जाते. तिचं मन भरेपर्यंत कोण थांबतं?

आता शहराकडे वळू. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनीचं काय करायचं याचा नियम १९९१ साली झाला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला आणि वाटणी फक्त त्या आवारातल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. शहराला मिळू शकली असती अशी मैदानं, बागा त्यात गेल्या. त्या जागेवर मॉल आले, टॉवर आले, आणि मॉलच्या आत खेळायची दालनं आली. जिथे एकट्या माणसांनी घाम गाळला तिथल्या करमणुकीच्या दारात आता "फॅमिली" हा शब्द पहारेकऱ्यासारखा उभा आहे.

बाईला निदान कीव मिळते. पुरुषाला तीही नाही. मुंबईत आणि मुंबईबाहेर कितीतरी पब आणि वॉटर पार्क एकट्या पुरुषांना किंवा फक्त पुरुषांच्या घोळक्याला आत घेत नाहीत. त्याला "स्टॅग एंट्री नाही" असं म्हणतात. माझ्या बहिणीचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, घरपोच सामान पोहोचवायचं काम करतो. एका बासी ईदला तो तीन मित्रांना घेऊन एका वॉटर पार्कला गेला. दारातून परत पाठवलं, फॅमिली किंवा कपल हवं म्हणून. त्याने मला फोन केला, "खाला, तुम्ही येता का?" मी हसले आणि पुढच्या रविवारी गेले. चौघंही आत सुटले. मी एकटी गेले की संशयाची आणि ती पोरं एकटी गेली की धोक्याची. आम्ही पाच जण एकत्र उभे राहिलो की फॅमिली! त्या चौघांपैकी तिघांची आणि माझी ओळख त्याच दिवशी झाली होती.

या बंदीचं कारण बायकांची सुरक्षा असं सांगतात. बायकांना पाण्यात, रांगेत त्रास होतो हे खरं आहे, मलाही झालाय. पण त्रास देणाऱ्याला पकडा, त्याला बाहेर काढा, पोलिसांत द्या. पाण्याजवळ माणसं नेमा, कॅमेरे लावा, तक्रार ऐकणारी बाई ठेवा. याला पैसे लागतात. दारावर पाटी लावायला लागत नाहीत. शिवाय बायकोला बरोबर आणलेला पुरुष सभ्यच असतो, हे कोणत्या बाईने सांगितलं? आणि ज्या पोरांच्या घरात सोबत यायला मोकळी बाई नाही, ज्यांच्या बहिणींना घराबाहेर पाठवत नाहीत, ज्यांच्या नावावरून आणि टोपीवरून आधीच एक अंदाज बांधला जातो, त्या पोरांना हा नियम सगळ्यांत जास्त लागतो. त्यांनी मग आपला दिवस कुठे काढायचा? मोटारसायकलवरून मरीन ड्राइव्हला सुसाट जायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या?

पार्कवाल्यांची एक बाजू मी मानते. ओढणी, बुरखा, सैल स्कार्फ यांबद्दल त्यांचे नियम असतात आणि ते बरोबर आहेत. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस अडकून आपल्या देशात जीव गेलेत. मी पिना लावून घट्ट बसवलेला छोटा स्कार्फ घालून जाते, वर लांब कुर्ता आणि पँट. मला आजवर कुठल्या पाळण्यावरून त्यासाठी उतरवलं नाही. वॉटर पार्कमध्ये कोणतं कापड चालेल आणि अंग पूर्ण झाकणारा पोहण्याचा पोशाख चालेल का, हे तिकीट काढण्याआधी स्पष्ट कळलं पाहिजे. दारात पोहोचल्यावर "हे चालणार नाही" म्हटलं की बाई परत जाते आणि पुन्हा कधी येत नाही.

आता पैशाचं. थीम पार्कचं तिकीट हजार रुपयांच्या वर जातं. माझ्यासारख्या पगारदार बाईलाही ते आधीपासून बाजूला टाकावं लागतं. घरकाम करणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या बाईला तर ते अशक्य आहे. म्हणून ही मागणी फक्त खासगी पार्कांकडे करून भागणार नाही. आपली राणीची बागच घ्या. १८६२ पासूनची ही बाग, गरिबांची हक्काची जागा. २०१७ साली पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले आणि तिकीट पाच रुपयांवरून वाढलं. आईवडील आणि दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला शंभर रुपये, एकट्या मोठ्या माणसाला पन्नास. हिशेबाचं काम करते म्हणून लगेच भागाकार केला. कुटुंबातल्या माणसाला पंचवीस पडले आणि एकट्याला पन्नास. महापालिकेच्या मनात वाईट काही नसणार, कुटुंबांना सवलत द्यायची असणार. पण विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेली, गावाहून एकटा आलेला सुरक्षारक्षक, हॉटेलातला पोऱ्या यांनी दुप्पट का द्यायचे? अब्बांच्या पिढीतला एकटा कामगार या शहरातून गेलेला नाही. तो आता गिरणीत नाही, मॉलच्या दारात उभा असतो. आणि त्याच्यासाठी मनोरंजनाचा दर ठरवताना कोणाला तो आठवत नाही.

एकट्या बाईला बाहेर काढायचं काम काही प्रवासी कंपन्यांनी बऱ्यापैकी केलंय, हे नोंदवलं पाहिजे. केसरीची 'माय फेअर लेडी', वीणा वर्ल्डची 'विमेन्स स्पेशल' अशा सहलींतून कितीतरी मराठी बायका घरच्यांशिवाय परदेशात जाऊन आल्या, तिथले पाळणेही फिरून आल्या. पण तिथेही घोळका लागतो. आणि स्वतंत्र खोली हवी असेल तर जादा पैसे मोजावे लागतात.

यावर उपाय काही अवघड नाहीत. डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या काही पार्कांत एकट्यांसाठी वेगळी रांग असते. तिघांचं कुटुंब चार जागांच्या ओळीत बसलं की एक जागा रिकामी जाते, ती त्या रांगेतल्या माणसाला देतात. एकट्याला लवकर बसायला मिळतं आणि पार्कची जागा वाया जात नाही. आपल्याकडेही हे एका दोरीने आणि एका पाटीने होईल. पाळण्यापाशीच चष्मा आणि मोबाइल ठेवायला छोटे कप्पे हवेत. परतीची शेवटची बस कधी सुटते आणि कुठली गाडी पकडून देते हे तिकिटावर छापलेलं हवं, कारण एकट्या बाईचा अर्धा दिवस त्याच काळजीत जातो. "स्टॅग" पाटी काढून वागण्याचे नियम लावावेत आणि ते सगळ्यांना सारखे लावावेत. राणीच्या बागेत एकट्या माणसालाही पंचवीसच रुपये पडावेत.

आणि आपल्या माणसांकडे माझी एक लहान मागणी आहे. ईदला आपण मुलांना ईदी देतो. या वेळी घरातल्या एका मोठ्या बाईलाही द्या, अम्मीला, बहिणीला, बायकोला, सासूला. पाकिटात एका तिकिटाचे आणि येण्याजाण्याचे पैसे घाला, बरोबर एक पूर्ण दिवसाची मोकळीक द्या, आणि त्या दिवशी घरातले डबे तुम्ही करा. ती राणीच्या बागेत जाऊन नुसती बाकावर बसेल, माहीमला आकाशपाळण्यात बसेल, खोपोलीला जाईल किंवा दिवसभर झोपेल. कुठेही जाऊ दे. परत आल्यावर तिला "मजा आली का?" एवढंच विचारा.